दारासमोरची जागा

११ एप्रिल

आज पुन्हा दारातूनच परत. वॉकर घेऊन छपरीपर्यंत गेली, बाहेरचं दार उघडलं, तं समोर गाडीचं दार. आपल्याच गाडीचं. विनयनं इतकी चिकटून लावली की मांजर निघून जाईन, मी नाही. हाक मारली. पोट्टा वरच्या खोलीतून विचारते, "आई, कुठी जायचं आहे तुले? सांग, मी सोडून देतो."

आता काय सांगू. कुठी नाही जायचं. बाहेर जायचं आहे. बाहेर म्हणजे बाहेर, दारात, गल्लीत. माणूस कुठी न जाताही बाहेर जाते हे याले कोण समजावून सांगन.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टोंगळा बदलला तेव्हापासून डॉक्टर एकच म्हणून राहिले, चाला. चालते ना. हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल. प्राजक्ता लॅपटॉपवर ऑफिसच्या मिटिंगमध्ये असते, तिच्या मागून वॉकर टकटक करत गेली की तिकडचे लोक विचारतात, काय आवाज आहे. ती म्हणते, सासूबाई. तेवढीच माझी बाहेरच्या जगाशी ओळख.

१४ एप्रिल

जयंती. कमलकडची खीर आली. तिचं दार आमच्या दारासमोर, मधात फक्त गल्ली, पण डबा आला कोपऱ्यावरून वळसा घेऊन, प्राजक्ताच्या हातून. मधात गाड्यांची भिंत ना.

मग कमल दारात उभी राहून चिल्लावली, "नले, गोड कमी झाली का वं?"

मी इकडून चिल्लावली, "बरोबर आहे!"

पांढऱ्या गाडीच्या टपावरून एकमेकींची फक्त डोकी दिसून राहिली होती. ओरडता ओरडता तिले हसू आलं, मलेही आलं. आत येऊन खीर खाल्ली आणि रडली. कायले रडली ते माहीत नाही. खीर तं खरंच चांगली होती.

२० एप्रिल

ऊन म्हणजे काय ऊन. कूलर चालू, तरी जीव आत लागत नाही.

पहिले या दिवसांत संध्याकाळ झाली की गल्लीत पाणी शिंपायचं, बाजा काढायच्या. आमच्या ओट्यावर मी, तिच्या ओट्यावर कमल. ती मास्तरीण, तिची शाळा सुटलेली, माझा स्वयंपाक व्हायचा राहिलेला. कोणी शेंगा फोडून राहिलं, कोणी वाती. ओळखीचा-बिनओळखीचा, जाणारा येणारा थांबायचा, पाणी प्यायचा, दोन शब्द बोलून जायचा. कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं, आम्हाले त्यांच्या घरच्यांआधी समजायचं.

मग सिमेंट रोड झाला. जुना खोदला नाही, काही नाही, त्याच्यावरच थर टाकला. आमचा तीन पायऱ्यांचा ओटा. पायऱ्या गेल्या, मग ओटाच रस्त्याच्या खाली गेला. आता लोक घरात चढत नाहीत, उतरतात. आणि आम्ही किती शहाणे? रोड झाला म्हणून पेढे वाटले! मी स्वतः वाटले, कमलनं तं दोन खाल्ले.

रस्ता गुळगुळीत झाला तशी गांधीबागेच्या कापड दुकानांची गिऱ्हाइकं गाड्या घेऊन आत शिरली. दिवसभर दारासमोर परक्याची गाडी, संध्याकाळी घरची. सकाळी विनय निघाला की दोन-चार मिनिटं दार मोकळं असते. तेवढ्यात मी वॉकर घेऊन उठेपर्यंत दुसरा हजर.

२ मे

विनयशी भांडण.

म्हटलं, गाडी दुसरीकडे लाव. म्हणते, "दुसरीकडे कुठी? बाजूच्या गल्लीत लावली होती तं आरसा तोडला ना लोकांनी."

म्हटलं, मग घ्यायचीच कायले होती?

त्यानं हातातली चावी खाली ठेवली. मग हळूच म्हणते, "तुझ्यासाठीच तं घेतली आई. दवाखान्यात ऑटोत बसताना किती ओरडायची तू."

खरं आहे ते. मीच ओरडायची. आता कोणाले बोलू? राग आला, आणि त्याच्यावर काढताही येत नाही. असा राग पोटात ठेवून जेवली, ॲसिडिटी झाली.

११ मे

आज मजा झाली. आर्किटेक्चर कॉलेजची एक पोट्टी आली, ऋचा नाव. गल्लीबोळ माणसांना बसा-उठायले कसे चांगले करता येतील, याचा अभ्यास करून राहिली म्हणे. गोड बोलते. मले विचारलं, "आजी, तुमच्या रस्त्यावर काय असावं असं वाटतं? बाक, झाड, दिवे, भिंतीवर रंग?"

म्हटलं, "मले दार पायजे."

ती हसली. "दार तर आहे ना आजी."

म्हटलं, "उघडून पाहा."

उघडलं. ती आत आल्यावर लागलेल्या गाडीवर धाडकन आदळलं. पोट्टीचं तोंड पाहण्यासारखं झालं. मग पन्हं घेतलं तिनं, बराच वेळ बसली, ओट्याचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली की दारासमोर हातभर जागा राहिली तरी लोक बसतात, आणि बसणारे दिसले की गाडीवाल्यांनाही लाज वाटते. दोन्ही बाजूंनी कुंड्यांची रांग लावा, म्हणजे गाड्या दारापासून दूर राहतील.

लाज वाटते म्हणे! लहान आहे अजून. पण कुंड्यांची गोष्ट मले पटली. फोन करून कमलले सांगितली. कमल म्हणे, "कुंड्या कायले विकत घेतं? घराघरात जुन्या कूलरचे टब पडले आहेत ना."

हुशारच आहे कमल. मास्तरीण उगाच नव्हती.

१८ मे

दोन दिवसांत गल्लीभर टब. गंजलेले, निळे, पत्र्याचे, प्लॅस्टिकचे. प्राजक्तानं आमचा टब माळ्यावरून काढला, खाली भोकं पाडली, माती भरली. सुट्टी होती तिची, मातीत हात घालून बसली होती तं चेहरा वेगळाच दिसत होता. मी आतून हुकूम सोडत होती. सदाफुली लावली, एका कोपऱ्यात गवती चहा.

टब भरल्यावर इतका जड की दोघांशिवाय हलत नाही. म्हटलं, बरं झालं. आता हलव म्हणावं कोणी.

२५ मे

बाहेर बसली!!

प्राजक्तानं दाराशी फरशी ठेवली, काखेत हात घालून मले वर रस्त्यावर चढवलं. टबाच्या अलीकडे खुर्ची. विनयची गाडी टबाच्या पलीकडे. कमल गाड्यांच्या मधातून तिरपी होऊन आली, आपली खुर्ची डोक्यावर धरून. दोघी बसलो. फोनवर रोज बोलून बोलून समोरासमोर काय बोलायचं तेच राहिलं नव्हतं. मग तिनं माझा टोंगळा दाबून पाहिला, म्हणे, "आत लोखंड आहे का वं?" मग जे सुरू झालो ते दिवे लागेपर्यंत.

कोपऱ्यावरची मीना आली. पार्सल वाटणारा एक जण आला, पत्ता विचारला, टबाच्या काठावरच टेकला, पाणी मागितलं. कुठचा? सावनेरचा म्हणे. आईचे टोंगळे दुखतात त्याच्याही. मी त्याले सगळं सांगितलं, ऑपरेशन कोणी केलं, काय काय करायचं. तो उठला तेव्हा त्याच्या फोनवर चार जण ओरडून राहिले होते.

आज पोळी दोन जास्त खाल्ली.

९ जून

काहीतरी चालू आहे. टब सरकून राहिले.

आधी वाटलं माझेच डोळे. पण मीनाचा टब रस्त्याच्या मधात. त्याच्यापुढचा पण. विनयले विचारलं तं खुश होऊन सांगते, "आई, तुझी आयडिया जबरदस्त आहे. सकाळी जाताना टब मधात ओढून ठेवला की जागा आपली राहते. सगळ्यांनीच सुरू केलं."

मी म्हटलं, अरे, बसायसाठी ठेवले ना ते?

"हो तं, बसा ना तुम्ही," म्हणते. "पण जागा पण राहिली पायजे ना."

जड आहे, हलणार नाही म्हणत होती मी. खाली लोखंडी चाकं बसवली यांनी.

१७ जून

आज दार उघडलंच नाही.

दुपारी कोणी गिऱ्हाईक आलं, त्यानं टब ढकलून आमच्या दाराशी लावला, गाडी मधात घातली. संध्याकाळी विनयनंही तेच केलं, टब तसाच दाराशी, गाडी त्याच्या जागेवर. दार बाहेरच्या बाजूले उघडते. आता टबाले अडते. पहिले निदान वास तरी यायचा बाहेरचा, गल्ली दिसायची. आता फटीतून सदाफुली दिसते. माझीच सदाफुली.

विनयनं मागच्या दाराचं कुलूप काढलं, जाताना मोरीतून जात जा म्हणे. मोरीतून! वॉकर घेऊन ओल्या मोरीतून जाऊ?

ऋचाले फोन केला, नाही नाही ते बोलली. "तुम्ही शिकलेले लोक चित्रं काढता आणि निघून जाता." ती बिचारी म्हणाली, "आजी, असं होईल असं वाटलं नव्हतं." फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. तिचं काय चुकलं? आयडिया तिची, टब आमचे, चाकं आमची.

६ जुलै

कमलचा फोन. म्हणे दारात ये. म्हटलं उघडत नाही ना. म्हणे, "तं खिडकीत ये, महत्त्वाचं आहे."

खिडकीत उभी राहिली. समोर ती दारात, कानाला फोन. गाडीच्या टपावर ऊन चमकत होतं, तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. म्हणाली, "घर विकलं वं."

मी खिडकीचे गज धरले.

"पोरगा म्हणते पुण्याले चल. इथी एकटी काय करतं? खरं आहे त्याचं. इथी दिवसभर कोणाशी बोलत नाही मी. तू समोर आहे, पण आहे का?"

म्हटलं, कोणी घेतलं? म्हणे, कापडवाल्यानं. खाली-वर गोदाम होईन.

म्हणजे समोर माणूसच राहणार नाही. मी म्हटलं, "नको जाऊ." आतापर्यंत कोणाले असं म्हटलं नव्हतं, हे गेले तेव्हाही नाही. ती चौकटीले टेकली. मग म्हणाली, "पोळा झाल्यावर जाते. तान्ह्या पोळ्याले गल्लीत बसू. खुर्च्या टाकून. पहिल्यासारखं. तेवढं कर तू."

मी कर म्हणे. मी, जिले दार नाही.

२७ जुलै

मी घरात बसून फोन करते, प्राजक्ता घरोघर जाते. एकच मागणं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी एकही गाडी गल्लीत नको, पोट्ट्यांना लाकडी बैल फिरवायचे आहेत. दोन वर्षांपासून मुलं कोणाच्या तरी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पोळा करून राहिली.

बायका सगळ्या हो म्हणतात. पुरुष म्हणतात, "एका दिवसानं काय होते?" जणू बाकीचे दिवस देऊन राहिले!

विनय सगळ्यात शेवटी. प्राजक्तानं त्याले माझ्यासमोर विचारलं. तो ताटाकडे पाहून म्हणते, "मीच पहिले काढली तं सगळे माझी जागा घेतील. परत मिळणार नाही." त्याच्या आवाजात भीती होती. मले एकदम कळलं, हा पण अडकलेला आहे. हातभर जागेसाठी सकाळी माझा पोरगा घाबरून उठते, संध्याकाळी घाबरून येते. राग गेला नाही माझा. पण कीव आली.

शेवटी म्हणाला, "काढतो."

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. सगळं लिहायचं आहे, हात दुखला तरी.

सकाळी ईडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीमुळे तसंही गाड्या बाहेर काढाव्याच लागल्या. टब भिंतीशी गेले. प्राजक्तानं दार उघडलं. पूर्ण. भिंतीला लागेपर्यंत. मी नुसती उंबऱ्यावर उभी राहून पाहत होती. गल्ली एवढी रुंद आहे? विसरली होती मी.

कमल तिकडून मोठ्यानं, "पार्किंग घेऊन जा गे मारबत!" मग सगळ्या बायकांनी सुरू केलं. "हॉर्न घेऊन जा गे मारबत! टब घेऊन जा गे मारबत!" मीनानं तं नवऱ्याचं नाव घेतलं, तो बाजूलेच उभा होता.

दुपारनंतर पोट्टे आले बैल घेऊन. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, चाकं लावलेले. एक पोट्टी बैलापेक्षा लहान. सिमेंटचा एवढा फायदा, बैल भरभर पळतात. एकेकाची पूजा केली, पैसे-खाऊचा बोजारा दिला. गल्लीच्या मधोमध दोन खुर्च्या, मी आणि कमल. बाजूच्या गल्लीतले आले, दुकानांतली नोकर मंडळी आली, कोणीतरी सतरंजी टाकली, कोणी चिवडा काढला. ऋचाही आली होती. माझ्या पाया पडली, म्हटलं उठ, चिवडा खा. कमल गल्लीतल्या माणसांकडे पाहून म्हणाली, "हे सगळे होते कुठी वं इतके दिवस?" म्हटलं, "आत."

दिवे लागले आणि पहिला हॉर्न वाजला. मग दुसरा. लोक उठायले लागले. सतरंजी गुंडाळली. विनयची गाडी आली, आमच्यासमोर थांबली. मागे तीन-चार गाड्या. विनयनं काच खाली केली. "आई."

मी बसून राहिली. खरंच बसून राहिली. कमलनं माझा हात धरला होता.

मागून सगळे हॉर्न. कोणीतरी विनयले शिवी दिली. तो उतरला नाही, नुसता स्टिअरिंग धरून बसला. कान लाल. लहानपणी शाळेत मार खाऊन आला की असेच लाल व्हायचे.

मी उठली.

मले कोणी उठवलं नाही. मीच उठली. खुर्ची प्राजक्तानं आत नेली. टब दाराशी आला. आता आत बसून लिहून राहिली. कमलनं हात किती जोरात धरला होता, ते अजून दुखून राहिलं.

२६ ऑगस्ट

कमल गेली. तिच्या दारासमोर सामानाचा टेम्पो, आमच्या दारासमोर टब. ती खिडकीशी आली. गजातून हात घातला. म्हणाली, "फोन करत जाईन." म्हटलं, "तेच तं करत होतो आपण."

हसली. मग टेम्पोवाल्यानं हाक मारली. तिच्या दाराले मोठं कुलूप आहे.

३० ऑगस्ट

काही नाही. हॉल, स्वयंपाकघर. समोर कापडवाल्याची पोती उतरून राहिली. विनय विचारत होता, आई, बोलत काहून नाही? म्हटलं, बोलू कोणाशी.

२ सप्टेंबर

हे बाहेर बसून लिहून राहिली. खुर्चीत. गल्लीत.

सकाळी विनयनं गाडी काढली, टब मधात ओढला, गेला. प्राजक्ताची मिटिंग सुरू. दार उघडलं तं उघडलं. आधी प्लॅस्टिकची खुर्ची ढकलून वर रस्त्यावर टाकली. मग वॉकर वर ठेवला. चौकट धरली, चांगला पाय फरशीवर, मग दुसरा. टोंगळ्यात कळ आली, "अगं माय" म्हटलं, पण चढली. कोणी धरलं नाही. धरायले कोणी नव्हतंच. टबाच्या बाजूले खुर्ची मांडून बसली. वही मांडीवर आहे, म्हणून अक्षर वाकडं येऊन राहिलं.

दुसरा आलाच. मोठी काळी गाडी. टब हलवायले उतरला, मले पाहिलं, थांबला. टबाले ढकलता येते. म्हातारीले कसं ढकलन?

"मावशी, किसीकी गाडी आनेवाली है क्या? कोणासाठी जागा धरून बसल्या?"

म्हटलं, "मीच बसली आहे."

त्याले समजलं नाही. "हो, पण येणार कोण आहे?"

मी समोर पाहिलं. कुलूप, पोती. येणार कोण, ते मलेही माहीत नाही. संध्याकाळी विनय येईन, तेव्हा काय करायचं तेही ठरलं नाही. उठीन बहुतेक. नाही पण उठणार.

तो अजून गाडी चालू ठेवूनच उभा आहे. मी प्राजक्ताले आवाज दिला, दुसरी खुर्ची घेऊन ये म्हटलं.